पडद्यावरचा हिंदुराव आणि कारखान्यावरचा हिंदुराव

प्रेक्षक या प्राण्याविषयी आपल्या देशात दोन मते प्रचलित आहेत, आणि ती बाळगणारे स्वतःला एकमेकांचे कट्टर विरोधक समजतात. पहिले मत वाहिन्यांच्या मालकांचे आणि चित्रपटांत पैसा गुंतविणाऱ्यांचे. लोकांना जे हवे असते तेच आम्ही पुरवितो, असे ते साळसूदपणे सांगतात. दुसरे मत पुरोगामी म्हणविणाऱ्यांचे. लोक भाबडे आहेत, पडद्यावरच्या देवाला हार घालतात, खलनायकाला शिव्या देतात, नायकाला मते देतात; अशा अडाणी समाजात समाजवाद यावयाचा तरी कसा, असा उसासा टाकून ही मंडळी चहाचा दुसरा कप मागवितात. एक बाजू प्रेक्षकाची भूक विकून पैसा करते आणि दुसरी त्या भुकेकडे पाहून नाक मुरडते. प्रेक्षकाला न्यायबुद्धी असते, ती चालते कशी आणि अडते कुठे याचा शोध घ्यावा, असे मात्र दोघांपैकी कोणालाच वाटत नाही. या दोन तुच्छतांपैकी दुसरी अधिक घातक आहे. कारण ती चळवळीच्या घरातच राहते.

निळू फुले यांचे उदाहरण मराठी वाचकाला नव्याने सांगावयास नको. जत्रेतल्या तंबूत, तालुक्याच्या पत्र्याच्या थिएटरात, ज्या ज्या ठिकाणी त्यांचा पाटील, सरपंच वा सावकार पडद्यावर आला, त्या त्या ठिकाणी बायाबापड्यांनी त्यांना मनापासून शिव्याशाप दिले. प्रत्यक्षात ते समोर आले तरी स्त्रिया अंग चोरीत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. आता हा माणूस प्रत्यक्षात कोण होता? राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतून घडलेला, तरुणपणी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करून त्या तुटपुंज्या पगारातला हिस्सा सेवादलाला देणारा, पुढे अंधश्रद्धेविरुद्धच्या आणि वंचितांच्या चळवळींत उभा राहिलेला, डॉ. श्रीराम लागू आणि इतर सहकाऱ्यांबरोबर पूर्णवेळ कार्यकर्त्यांसाठी सामाजिक कृतज्ञता निधी उभारण्यास 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करीत हिंडलेला कलावंत. साथी निळूभाऊंच्या सज्जनपणाचे किस्से सांगून लोकांच्या भाबडेपणावर हसण्याची एक रीतच १३ जुलै २००९ रोजी ते गेल्यापासून पडून गेली आहे. पाहा, ज्या माणसाला लोक दुर्जन समजत होते तो केवढा मोठा होता! पण या हसण्यात खरा प्रश्न बुडून जातो.

त्या बायांची नेमकी चूक काय झाली होती? पडद्यावर त्यांनी जो माणूस पाहिला तो त्यांच्या ओळखीचा होता. धोतराचा सोगा हातात धरून वाड्याच्या पायरीवर उभा राहणारा, बोलताना आवाज न चढविता समोरच्याचा घाम काढणारा, गड्याच्या बायकोकडे हिशोबाच्या वहीकडे पाहावे तसे पाहणारा हा इसम त्यांनी वारंवार पाहिला होता. कधी अंगावरही झेलला होता. निळूभाऊंचे अभिनयसामर्थ्य असे की, त्यांनी तो नेमका उचलला. तेव्हा त्या शिव्या अज्ञानातून आलेल्या नव्हत्या, अनुभवातून आलेल्या होत्या. नट आणि पात्र यांत गल्लत झाली हे खरेच; पण ती गल्लत करणाऱ्या बाईने पात्राचे मूल्यमापन अचूक केले होते. विद्यापीठातला समीक्षक त्याच पात्राविषयी पाच पानांचा निबंध लिहून जेथे पोहोचतो, तेथे ती एका शिवीत पोहोचली होती.

मग अडले कुठे? ज्या पट्ट्यात निळूभाऊंच्या सरपंचाला शिव्या मिळत होत्या, त्याच कोल्हापूर, सांगली, सातारा, नगरच्या पट्ट्यात खरेखुरे हिंदुराव वर्षानुवर्षे बिनधोक निवडून येत होते. तंबूत शिव्या आणि मतपेटीत मत! हे कोडे 'लोक मूर्ख आहेत' या वाक्याने सुटत नाही. ज्याचा ऊस शिवारात उभा आहे, त्याला तोडणीची टोळी केव्हा द्यावयाची हे कारखान्यावर ठरते. टोळी महिनाभर उशिरा आली तर ऊस वाळतो, वजन घटते, वर्षाची मिळकत हातची जाते. सोसायटीचे कर्ज, मुलाची कारखान्यावरची हंगामी नोकरी, मुलीला महाविद्यालयात मिळालेला प्रवेश, वजनकाट्यावरची किलोकिलोची चोरी, या सगळ्याच्या दोऱ्या एकाच खुर्चीला बांधलेल्या असतात. त्या खुर्चीतल्या माणसाला भर चौकात शिवी देण्याची किंमत त्या बाईच्या नवऱ्याला ठाऊक असते, आणि बाईला ती त्याच्याहूनही नेमकी ठाऊक असते. चार आण्याच्या तिकिटावर जी शिवी फुकट देता येत होती ती तंबूत देऊन झाली. तिच्या न्यायबुद्धीने निकाल बरोबर दिला होता. तो बजावण्यासाठी लागणारा बेलीफ तिच्याजवळ नव्हता.

येथे मराठी ग्रामीण चित्रपटाचाही हिशोब चुकता करावयास हवा. जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकर यांचा 'सामना' हा एक सन्माननीय अपवाद. त्यात हिंदुराव साखरसम्राट आहे, त्याच्या सत्तेला कारखान्याचा, सहकाराचा आणि पोलिसांचा आधार आहे, आणि दारुडा मास्तर मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले हा एकच प्रश्न चिकाटीने विचारीत राहतो. तो प्रश्न व्यवस्थेला विचारलेला आहे. पण त्याच्या आगेमागे जे डझनावारी तमाशापट निघाले, त्यांनी पाटलाचा सारा दुष्टपणा त्याच्या वासनेत आणून ठेवला. पाटील दारू पितो, पाटील नाचणारणीवर पैसे उधळतो, पाटील परस्त्रीवर हात टाकतो. म्हणून पाटील वाईट. शोषण हा लंपटपणाचा एक उपप्रकार ठरला. याचा राजकीय परिणाम फार दूरवर गेला. जो चेअरमन माळकरी होता, पहाटे उठून पूजा करीत होता, दुसऱ्याच्या बायकोकडे मान वर करून पाहत नव्हता, तो काटा मारीत असूनही गावाच्या लेखी सज्जन ठरला! पडद्याने प्रेक्षकाला दुर्जन ओळखावयास शिकविले आणि त्याच धड्यात खरा लुटारू दृष्टीआड केला.

नामवंतांचा न्याय आजही याच मापाने होतो. कोणत्या अभिनेत्रीने घटस्फोट घेतला, कोण कोणाबरोबर राहते, कोणाचा पदर कितपत ढळला, यावर घराघरांत बारकाईने निवाडे होतात. ती अभिनेत्री ज्या दैनंदिन मालिकेत काम करते, तेथे प्रकाशझोत उचलणारा कामगार बारा-बारा तास राबतो आणि कलावंतांना केलेल्या कामाचा मोबदला नव्वद दिवसांनी देण्याचा रिवाज आहे, हा मजकूर कोणत्याही घरात चर्चेला येत नाही. येणार कसा? मालिकेत तो दाखवीत नाहीत.

खलनायकाचे असे, तर नायकाचे काय? सलीम-जावेद यांनी लिहिलेला आणि यश चोप्रा यांनी दिग्दर्शित केलेला 'दीवार' १९७५ साली, आणीबाणीच्या काही महिने आधी, पडद्यावर आला. त्यातला संतप्त तरुण सर्वांच्या लक्षात आहे. त्याचा बाप फारसा कोणाच्या लक्षात नाही. बाप कामगारांचा पुढारी आहे. मालक त्याच्या बायकामुलांच्या जिवावर उठतो, तेव्हा तो अपमानास्पद करारावर सही करतो. कामगार त्याच्यावर उलटतात. तो परागंदा होतो. म्हणजे चित्रपटाच्या पहिल्या काही मिनिटांतच कामगार संघटनेचा निकाल लावला जातो, आणि नायकाच्या उदयासाठी जागा मोकळी होते. पुढे गोदीत हमालांकडून हप्ता उकळणाऱ्या गुंडांना हा मुलगा धडा शिकवितो. पण एकटा, बंद गोदामात, स्वतःच्या मुठींच्या बळावर. बाकीचे हमाल बाहेर उभे राहून पाहतात. अन्यायाची चीड खरी आहे, बेकारीने पोळलेल्या त्या दशकातल्या तरुणाने ती ओळखली आणि टाळ्या वाजविल्या, यात त्याचे काही चुकले नाही. पण त्याच तिकिटात त्याला हेही विकले गेले की, संप हा बापाच्या पिढीचा फसलेला उद्योग आहे आणि मुक्ती देणारा एकटाच येत असतो.

या शिकवणुकीची खरी परीक्षा १९८२ साली मुंबईतच झाली. १८ जानेवारीपासून गिरणगावातले सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर होते. मान्यताप्राप्त संघटनेची मिरास कायम ठेवणारा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द व्हावा, पगार वाढावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. चाळीतल्या खोल्यांत भांडी विकली जात होती, माणसे कोकणात, साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे गावी परतत होती. संप सातव्या महिन्यात असताना, २६ जुलै रोजी, बंगलोरला 'कुली' या चित्रपटाच्या मारामारीच्या प्रसंगात अमिताभ बच्चन गंभीर जखमी झाले. त्यांना मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात आणले गेले आणि त्यानंतरचे काही आठवडे देशभर नवस, प्रार्थना, होमहवन, रुग्णालयाबाहेर गर्दी, वर्तमानपत्रांत प्रकृतीची वार्तापत्रे यांचा महापूर लोटला. पंतप्रधान इंदिरा गांधीही त्यांना पाहून गेल्या. अपघात खरा होता, त्या माणसाच्या वेदना खऱ्या होत्या, आणि प्रार्थना करणाऱ्यांची तळमळही खरी होती. तिची थट्टा करणे हे हलकेपणाचे ठरेल. परंतु दृश्य काय होते? एका चित्रपटात हमालांना संपावर नेणारा पुढारी साकारताना एक नट जखमी झाला होता, आणि देशाच्या काळजाचा ठोका चुकला होता. त्याच शहरात, काही मैलांवर, खऱ्याखुऱ्या संपातली अडीच लाख कुटुंबे उपाशी होती, आणि देशाचे काळीज ठरल्या गतीने चालू होते.

'कुली' १९८३ च्या डिसेंबरात प्रदर्शित झाला. नटाला जेथे मार बसला ते दृश्य पडद्यावर थांबवून तशी पाटी दाखविली गेली; मूळ कथेत मरणारा नायक जिवंत ठेवण्यात आला, कारण मृत्यूच्या दारातून परत आलेल्या माणसाला पडद्यावर मारले तर प्रेक्षक सहन करणार नाहीत हे मनमोहन देसाईंनी अचूक ओळखले होते. नट आणि पात्र यांत गल्लत करणाऱ्या खेड्यातल्या बाईला हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. येथे ती गल्लत धंद्याने स्वतः होऊन केली, तिला चौकट घालून दिली आणि तिच्यावर गल्ला जमविला. गिरणगावाच्या संपाला मात्र कोणी शेवट बदलून दिला नाही. तो रीतसर मागेही घेतला गेला नाही. माणसे थकली, गिरण्या मोडीत निघाल्या आणि जमिनींचे भाव चढले.

त्यानंतरच्या डिसेंबरात, १९८४ साली, लोकसभेची निवडणूक झाली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची सहानुभूतीची लाट देशभर होती. अलाहाबादेत अमिताभ बच्चन यांनी हेमवतीनंदन बहुगुणा यांच्यासारख्या मुरब्बी माजी मुख्यमंत्र्याचा पावणेदोन लाखांहून अधिक मतांनी पराभव केला. हे उदाहरण सर्वत्र सांगितले जाते. त्याच निवडणुकीतले दुसरे उदाहरण कोणी सांगत नाही. त्याच लाटेत, त्याच महिन्यात, गिरणगावाने दत्ता सामंतांना लोकसभेवर पाठविले. संप हरला होता, पदरात काही पडलेले नव्हते, तरीही. गिरणी कामगार काय चित्रपट पाहत नव्हता? रांगेत उभा राहून पाहत होता, शिट्ट्या मारीत होता, केसही तसेच वाढवीत होता. पण मत देताना त्याने पडद्यावरच्या हमालांच्या पुढाऱ्याचा विचार केला नाही. ज्याच्याबरोबर आपण उपाशी राहिलो त्याचा केला. कारण त्याच्या हाताशी गेटसभा होती, खात्यातले साथी होते, चाळीतली समिती होती, वर्षादीड वर्षाचा सामुदायिक अनुभव होता. सामंतांच्या डावपेचांबद्दल समाजवाद्यांचे तेव्हाही मतभेद होते आणि आजही असतील. पण प्रेक्षक कोणाला केव्हा आपला न्यायनिवाडा गहाण टाकतो, याचे याहून स्वच्छ उत्तर दुसरीकडे सापडणार नाही. जेथे संघटना होती तेथे नट हा नटच राहिला.

अलाहाबादचेही पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. बच्चन यांनी १९८७ साली राजीनामा दिला आणि १९८८ साली पोटनिवडणूक लागली. त्या सुमारास दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामानंद सागर यांचे 'रामायण' चालू होते. रस्ते ओस पडत होते, संचाला हळदकुंकू वाहिले जात होते. काँग्रेसने प्रत्यक्ष पडद्यावरच्या रामाला, अरुण गोविल यांना, प्रचारात उतरविले. राम दारी येऊनही मतदारांनी निवडून दिले विश्वनाथ प्रताप सिंग यांना! तीनच वर्षांपूर्वी नायकाला मत दिलेल्या त्याच मतदारसंघाने देवाला नमस्कार केला आणि मत मात्र बोफोर्सच्या प्रश्नावर दिले.

तीन वर्षांनी चित्र पालटले. १९९१ च्या निवडणुकीत भारतीय जनता पक्षाच्या तिकिटावर बडोद्यातून दीपिका चिखलिया आणि साबरकांठ्यातून अरविंद त्रिवेदी लोकसभेत गेले. म्हणजे सीताही निवडून आली आणि रावणही, एकाच पक्षातून, एकाच राज्यातून, एकाच वर्षी. लोक पात्राच्या पुण्यावर मत देतात असे म्हणणाऱ्या पंडितांनी या रावणाची वासलात कशी लावावयाची ते सांगावे. सत्य असे की, मधल्या काळात रथयात्रा निघाली होती, शिलापूजने झाली होती, शाखाशाखांतून माणसे उभी राहिली होती. दूरदर्शनने ओळखीचे चेहरे तयार करून ठेवले, आणि ज्यांच्याजवळ गावपातळीवर यंत्रणा होती त्यांनी ते उचलले. १९८८ साली काँग्रेसजवळ राम होता पण यंत्रणा सुस्त होती. १९९१ साली भाजपजवळ रावण असला तरी चालून गेले! पुढे २०२४ साली गोविल भाजपच्याच तिकिटावर मेरठमधून निवडून आले, तेही जेमतेम दहा हजारांवर मतांच्या फरकाने. आणि त्याच निवडणुकीत अयोध्या ज्या मतदारसंघात येते त्या फैजाबादने खुल्या जागेवर समाजवादी पक्षाच्या अवधेश प्रसाद या दलित उमेदवाराला निवडले. प्रेक्षक रिमोटच्या कळीसारखा दाबला जातो, हे मालकांना सोयीचे मत आहे. हताश पुरोगाम्यांनी ते फुकट पसरवावे हे आश्चर्य आहे.

अर्थात आज एक गोष्ट खरोखरच बदलली आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. तंबूतल्या बाईला कोणाचा राग करावयाचा हे कोणी ओरडून सांगत नव्हते. आता तो राग तयार करून घरपोच दिला जातो. २०२० च्या जूनमध्ये अभिनेता सुशांतसिंह राजपूत याचा मृत्यू झाला. ही एका तरुण माणसाची शोकांतिका होती. वृत्तवाहिन्यांनी तिची मालिका केली. मालिकेला खलनायिका लागते. ती रिया चक्रवर्ती या अभिनेत्रीच्या रूपाने सापडली. सासू-सुनांच्या मालिकांनी वीस वर्षे घासूनपुसून तयार ठेवलेला साचा हाताशी होताच: परघरची, परप्रांतीय, पैशावर डोळा ठेवणारी, पुरुषाला घरच्यांपासून तोडणारी, जादूटोणा करणारी बाई. बंगाली आहे म्हणजे करणी करीत असणारच, असे विसाव्या नव्हे, एकविसाव्या शतकात सुशिक्षितांच्या दिवाणखान्यात बोलले गेले. ८ सप्टेंबर २०२० रोजी तिला अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली. ७ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. काही वाहिन्यांचे या प्रकरणातले वार्तांकन प्रथमदर्शनी न्यायालयाचा अवमान करणारे असल्याचे मत याच न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नोंदविले. आणि केंद्रीय अन्वेषण विभागाने मार्च २०२५ मध्ये मृत्यूचे प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. ज्या सूत्रसंचालकांनी रोज रात्री नऊ वाजता तिला फासावर चढविले होते, त्यांपैकी किती जणांनी त्या रात्री नऊ वाजता माफी मागितली?

अटक ८ सप्टेंबरला, जामीन ७ ऑक्टोबरला. या दोन तारखांच्या मध्ये आणखी काय काय घडले, ते कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावे. १४ सप्टेंबरला केंद्र सरकारने लोकसभेत लेखी उत्तर दिले की, टाळेबंदीत गावाकडे चालत निघालेल्या किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला याची आकडेवारी सरकारजवळ नाही. २२ सप्टेंबरला लोकसभेत आणि २३ सप्टेंबरला, विरोधकांचा बहिष्कार असताना, राज्यसभेत तीन कामगार संहिता मंजूर झाल्या. शंभरऐवजी तीनशेपर्यंत कामगार असलेल्या कारखान्यांना कामगार कमी करण्यास वा कारखाना बंद करण्यास सरकारची परवानगी मागण्याचे कारण उरले नाही. संपावर जाण्यापूर्वी नोटीस देण्याचे बंधन सर्वच आस्थापनांवर आले. १९८२ च्या संपकऱ्यांच्या नातवंडांच्या हातून त्यांचे हत्यार काढून घेतले जात होते, त्या रात्री ती नातवंडे एका मुलीने कोणाला काय संदेश पाठविला हे वाहिनीवर वाचीत होती. या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत.

मुलीला शिक्षा द्यावयास निघालेला हा प्रेक्षक दुष्ट होता काय? एका तरुणाच्या मृत्यूला कोणीतरी जबाबदार असले पाहिजे, मोठ्यांनी ते दडपू नये, ही त्याची भावना मुळात न्यायाचीच होती. ज्या समाजात बेरोजगार मुलगा गळफास घेतो आणि पंचनाम्यापलीकडे काही होत नाही, त्या समाजात ही भावना साचून राहिलेली असते. तिला वाहिनीने एक चेहरा दिला. चेहरा दिला की प्रश्न संपतो, हे मालकांना ठाऊक आहे. तंबूच्या काळापासून ठाऊक आहे. आणि जो कलावंत चेहऱ्याच्या पलीकडे जाऊन काही बोलू लागतो त्याचे काय होते हेही पाहावे. 'अर्धसत्य'मधला रामा शेट्टी साकारणारे नगरचे सदाशिव अमरापूरकर यांनी २०१३ च्या दुष्काळात, मराठवाड्यातली जनावरे छावणीत असताना, मुंबईत होळीच्या नाचगाण्यासाठी पाण्याची उधळपट्टी चालली होती तिला हरकत घेतली. त्यांना धक्काबुक्की झाली. खलनायक पाणी वाचवा म्हणत होता, आणि रंगलेले सज्जन त्याच्या अंगावर जात होते.

यावर समाजवादी कार्यकर्त्याने काय करावे? एक उत्तर असे येते की, आपल्या विचाराचे चित्रपट काढावेत, आपली वाहिनी असावी. पैसा असता तर वाईट नव्हते. परंतु ज्या चळवळीने सेवादलाच्या कलापथकातून निळूभाऊंसारखी माणसे महाराष्ट्राला दिली, तिला कलापथकाचे मर्म आठवत असावयास हरकत नाही. वग संपला की गॅसबत्तीच्या त्याच उजेडात सभा होत असे. ज्या पाटलाला लोक आता हसले त्याचा खरा जमिनीचा उतारा त्याच मैदानात वाचून दाखविता येत असे. शिवी देणाऱ्या माणसाला तिथल्या तिथे सोबती मिळत. मनोरंजन आणि संघटना यांच्यामध्ये पाच मिनिटांचेही अंतर नव्हते. ते अंतर चळवळीनेच वाढू दिले. चित्रपट हलका, मालिका त्याहून हलकी, असे म्हणून कार्यकर्ता प्रेक्षकांतून उठून गेला, आणि त्याची रिकामी खुर्ची वाहिनीच्या सूत्रसंचालकाने बळकाविली.

गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी साखरपट्ट्यातल्या प्रत्येक तालुक्यात 'सामना'चा एक खेळ लावणे अवघड नाही. चित्रपटाला पन्नास वर्षे होऊन गेली. तरुण पिढीतल्या पुष्कळांनी तो पाहिलेलाही नाही. प्रक्षेपक भाड्याने मिळतो, पांढरी चादर कोणाच्याही घरी असते. खेळ संपल्यावर भाषण नको. चारच प्रश्न पुरेत. आपल्या कारखान्याचा वजनकाटा शेवटी कोणी तपासला, गेल्या हंगामाचे बिल किती थकले आहे, तोडणीच्या याद्या कोण ठरवितो, आणि फडात ऊस तोडताना जखमी झालेल्या मजुराचे पुढे काय झाले. बायांना पुढे बसवावे. उत्तरे त्यांच्याकडूनच येतील. ग्रामपंचायत पटांगण नाकारील, हे गृहीत धरून शाळेमागच्या एखाद्या खळ्याच्या मालकाशी आधीच बोलून ठेवावे.